मास्तरकीचा परवाना



व्याख्यानमालेत बोलावयास उभे राहणाऱ्याने प्रथम आपला अधिकार सांगावा, असा जुना संकेत आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून त्या व्यासपीठावर आणि तिच्या धर्तीवर गावोगावी उभ्या राहिलेल्या व्यासपीठांवर पंडित, वकील आणि प्राध्यापक बोलत आले. आम्ही यांपैकी कोणी नव्हे. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके, निवाड्यांच्या प्रती आणि जुन्या बाजारातून आणलेले ग्रंथ वाचून. नवापूर परिसरातील ऊसतोडणी कामगार, हंगामी कामगार आणि हमाल यांची संघटना बांधण्यात आमची तीस वर्षे गेली. मग शिक्षकाच्या परवान्याविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार तो काय? अधिकार एवढाच, की चोवीसएक वर्षांपूर्वी आम्ही एका माणसास या बाबतीत सल्ला दिला. तो सल्ला बरोबर होता की चूक, याचा निवाडा करता करता आम्हांस दोनशे वर्षांचा इतिहास चाळावा लागला. तो तुमच्यापुढे मांडतो.

तो माणूस आमच्या संघटनेचा सभासद होता. नाव सांगत नाही, कारण ते सांगण्याची त्याची इच्छा नाही. मावची बोलणाऱ्या घरातला, आईबाप कोयत्यावर गुजरातेत जाणारे. नवापूरकरांस कोयता म्हणजे काय ते सांगावयास नको. दिवाळी उलटली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बारडोलीच्या बाजूला ऊस तोडावयास निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. हा मुलगा आजीपाशी राहून बारावीपर्यंत शिकला आणि एका कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी कारकून म्हणून लागला. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, पदरी दोन मुले असताना, तो आमच्याकडे येऊन म्हणाला, “भाऊ, मला मास्तर व्हायचंय. आमच्या पाड्यावर वस्तीशाळा निघते आहे.”

ते एकविसाव्या शतकाचे आरंभीचे दिवस होते. गावच्या शाळेपासून दूर पडलेल्या वस्त्यांवर आणि पाड्यांवर शासन वस्तीशाळा काढीत होते. तेथे स्थानिक तरुणाने शिकवावयाचे आणि महिन्याकाठी हजाराच्या घरात मानधन घ्यावयाचे. आम्ही त्यास ठणकावून सांगितले, “जाऊ नकोस. हजार रुपयांत मास्तर राबवून घेण्याची ही युक्ती आहे. तू गेलास तर परवानाधारक शिक्षकाचा पगार पाडण्यास हातभार लावशील आणि तुझ्याजवळ परवाना नसल्यामुळे तुला कोणी विचारणारही नाही.” कामगार संघटनेच्या दृष्टीने यात चुकीचे काही नव्हते. कमी दामात काम करावयास तयार असलेला बाहेरचा माणूस दाराशी उभा करणे, ही मालकाची जुनीच रीत आहे. पण तो गेला. का गेला आणि पुढे काय झाले, हे सांगण्यापूर्वी परवाना ही वस्तू आली कोठून ते पाहू.

पेशवाईच्या अखेरीस गावात पंतोजी असे. त्यास परवाना नव्हता. मुलांच्या घरून मिळणारा शिधा आणि सणासुदीची ओवाळणी यांवर त्याचे चाले. त्याच्या ज्ञानाची परीक्षा कोणी घेतलेली नसे आणि तो कोणत्या मुलांस ओसरीवर बसू देतो यावरही कोणाचा अंकुश नसे. इंग्रजी अंमलात ही घडी मोडू लागली. ‘हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या संस्थेने काही तरुणांस अध्यापनासाठी तयार केले आणि १८२६ च्या सुमारास असे चोवीस शिक्षक मराठी आणि गुजराती मुलुखांत पाठविले. शिकविण्यासाठी आधी शिकून यावे लागते, ही कल्पना आपल्याकडे सरकारी रीतीने रुजली ती तेव्हापासून. पुढे १८४५ साली मुंबईत शिक्षकांसाठी ‘नॉर्मल क्लास’ निघाला, त्याचे प्रमुखपद ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांकडे आले. पण दुसऱ्याच वर्षी बाळशास्त्री निवर्तले. ‘नॉर्मल’ हा शब्द मूळचा फ्रान्सचा. राज्यक्रांतीनंतर तेथे शिक्षक घडविणाऱ्या शाळांस हे नाव पडले, ते इंग्रजीमार्गे आपल्याकडे आले आणि खेड्यापाड्यांतून ‘नारमल’ म्हणून रुळले.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणशाळा काढण्याचा आग्रह धरला आणि त्यानंतर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजसारख्या संस्थांचे महत्त्व वाढत गेले. कृष्णशास्त्री चिपळूणकर या कॉलेजचे प्रमुख होते. १८६१ साली निघालेले ‘मराठी शाळापत्रक’ शिक्षकांच्या हाती पडू लागले, तेही त्यांच्याच देखरेखीखाली. मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झालेल्या माणसास मास्तरकी मिळे. पण त्याच्या नावापुढे ‘अनट्रेंड’ असा शेरा असे. ट्रेनिंग कॉलेजात पहिले, दुसरे, तिसरे वर्ष करून आला म्हणजे तो ‘ट्रेंड’ होई आणि पगार चढे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या व्यवस्थेत पुष्कळांस आधी नोकरी मिळे, मग खाते त्यांस विद्यावेतन देऊन ट्रेनिंगला पाठवी. परवान्याचा खर्च बहुतांशी परवाना मागणाराच उचली. आज तो उचलावा लागतो परवाना घेणाऱ्यास. दोहोंतील हा फरक गरिबाच्या दृष्टीने फार मोठा आहे.

परवान्याची ही पद्धत वरून निःपक्षपाती दिसे. परीक्षा सर्वांस एकच. परंतु सातवीपर्यंत पोचत होते कोण? हा प्रश्न ज्याने सरकारच्या तोंडावर विचारला त्याचे नाव जोतीराव फुले. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी दिलेले निवेदन नवापूरच्या प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक युनियनवाल्याने एकदा तरी वाचावे. जोतीरावांचे म्हणणे थोडक्यात असे. खेड्यातील शाळांवर नेमलेले शिक्षक बहुतेक ब्राह्मण असतात आणि ते कुणब्यांच्या मुलांत मिसळत नाहीत. म्हणून शेतकरी वर्गातूनच शिक्षक घ्यावेत. त्यांस नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची लाज वाटू नये. त्यांच्या प्रशिक्षणात शेतकी आणि आरोग्य यांची ओळख असावी. त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी असू नये आणि मोठ्या गावांत तो पंधरा-वीस रुपयांपर्यंत असावा.

आम्ही हे निवेदन पहिल्यांदा वाचले तेव्हा बारा रुपयांपाशी थांबलो. किमान वेतनाची मागणी! आमच्याच जातीचा माणूस, असे वाटले. पुढच्या वाचनात मात्र आणखी एका वाक्याने आम्हांस अडविले. अप्रशिक्षित शिक्षकांच्या जागी प्रशिक्षित शिक्षक नेमावेत, असे जोतीराव म्हणतात. पण त्याला ते एक अपवाद जोडतात: जे अप्रशिक्षित असूनही खरोखर कार्यक्षम आहेत त्यांस वगळावे. म्हणजे जोतीरावांस परवाना हवा होता. परवान्याशिवाय कोणीही शिकवावे, असे ते म्हणत नव्हते. मात्र परवान्याच्या नावाखाली कामाचा माणूस बाहेर फेकला जाऊ नये, हीही काळजी त्यांनी घेतली होती. आम्ही वस्तीशाळेच्या बाबतीत पहिला भाग बोललो आणि दुसरा विसरलो.

जोतीरावांच्या या विचारामागे घरचाच अनुभव होता. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. लग्नानंतर घरी अक्षर शिकलेल्या या बाईने अहमदनगरला मिस फरार आणि पुण्याला मिचेलबाई यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे चरित्रकार सांगतात. शेतमळ्यातील, घरकामातील स्त्री रीतसर शिकून मास्तरीण होते, याचे इतके जुने आणि इतके ठसठशीत उदाहरण आपल्यापाशी आहे. १८५५ साली या दांपत्याने कामकऱ्यांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळाही काढली. दिवसा राबणाऱ्यास शिकावयाचे असेल तर शाळेने रात्री जागावे, हा त्यातला साधा हिशेब.

या मार्गावरून पुढे ज्या चालल्या त्या विधवा स्त्रिया. महर्षी कर्व्यांचा हिंगण्याचा आश्रम आणि रमाबाई रानडे व देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ साली निघालेले पुण्याचे सेवासदन या संस्थांकडे आपण सहसा समाजसुधारणेच्या अंगाने पाहतो. आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने पाहता त्या आणखीही काही होत्या. घरची चूल हीच जिची आजवरची नोकरी, अशा वीस-पंचवीस वर्षांच्या स्त्रीला अक्षरापासून आरंभ करून शिक्षिकेच्या दाखल्यापर्यंत नेणाऱ्या त्या संस्था होत्या. सेवासदनात प्रौढ स्त्रियांचे वर्ग होते आणि शिक्षिका तयार करणारे वर्गही होते. राहण्याजेवण्याची सोय, वयाकडे न पाहणारा वर्ग आणि शेवटी पगार देणारा दाखला, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून त्या बायका पायांवर उभ्या राहिल्या. यांतली एक जरी काढली तरी बाकीच्या दोन निरुपयोगी ठरल्या असत्या.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. नवापूर तेव्हा इंग्रजी खानदेशात आणि १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाल्यावर पश्चिम खानदेशात. शेजारचे सोनगड बडोदे संस्थानात. सयाजीराव महाराजांनी १८८५ साली सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढले आणि तेथे शिकलेल्यांपैकी काहीजण पुढे स्वतः मास्तर झाले. सीमेच्या पलीकडे गामित मुलगा मास्तर होऊ शकतो, ही गोष्ट सीमेच्या अलीकडील नातलगांस कळल्याशिवाय राहिली असेल, असे आम्हांस वाटत नाही. आजही नवापूरच्या स्टेशनात गाडीचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत उभा राहतो. १९६० साली राज्ये वेगळी झाली, पण सोयरिकी आणि मजुरी यांनी ती रेघ कधीच मानली नाही. शाळेने मात्र मानली. पुस्तकाची मराठी एकीकडे, पुस्तकाची गुजराती दुसरीकडे आणि घरात मावची, गामित किंवा कोकणी. बाहेरून बदलीवर आलेला मास्तर कितीही तळमळीचा असला तरी पहिलीतल्या पोराचे पहिले वर्ष मास्तरची भाषा समजण्यातच जाई. जोतीरावांनी ज्या अंतराविषयी तक्रार केली होती ते आमच्याकडे जातीचे होते आणि भाषेचेही होते.

हे अंतर तोडण्याचा मोठा प्रयत्न दक्षिणेत झाला. भाऊराव पाटील मॅट्रिकच्याही पायरीपर्यंत पोचलेले नव्हते. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते गावोगाव हिंडले, पुढे कूपरच्या कारखान्याशी त्यांचा संबंध आला. हा फिरता विक्रेता १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढतो आणि १९३५ साली साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज उभारतो. शाळा काढावयाच्या तर शिक्षक हवेत आणि रयतेच्या शाळेसाठी शिक्षक रयतेतूनच घडले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. कमवा आणि शिका ही त्यांची रीत सर्वांस ठाऊक आहे. तिचा अर्थ असा की, शिकण्याच्या काळातले पोट कसे भरावयाचे याचे उत्तर संस्थेने आधीच शोधून ठेवले होते.

काहीजण उलट दिशेने, सुस्थितीतील व्यवसाय सोडून या कामात आले. भावनगरचे गिजुभाई बधेका वकील होते. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर काढले. आपल्या ताराबाई मोडक प्राचार्यपद सोडून त्यांच्याकडे गेल्या. मोठ्या पदावरची विदुषी बालवर्गाची विद्यार्थिनी झाली, ही साधी गोष्ट नव्हे. १९४५ साली त्यांनी बोर्डीस काम मांडले, तेथे अनुताई वाघ त्यांस मिळाल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या. नोकरी करता करता रात्रशाळेत बसून त्या १९३७ साली मॅट्रिक झाल्या आणि पुढे पन्नाशीच्या उंबरठ्यावर पदवीधर. १९५७ साली या दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेऊ, असे म्हणून त्यांनी कुरणशाळा चालविली. कोसबाडचे वारली आणि नवापूरचे मावची यांची दुःखे सारखीच आहेत, म्हणून ही हकीकत आम्हांस जवळची वाटते.

आमच्या स्वतःच्या बिरादरीतही या दोन धंद्यांची ये-जा जुनी आहे. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या १९२० सालच्या स्थापनेत ज्यांचा मोठा वाटा, ते ना. म. जोशी आधी कित्येक वर्षे शाळामास्तर होते. त्यांनी १९११ साली काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या कामगारवस्तीत रात्रशाळा चालविल्या. खानदेशापुरते बोलावयाचे तर साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि पुढे गिरणी कामगारांच्या लढ्यांत उभे राहिले. मास्तर कामगारांकडे आला, याचा आम्हांस अभिमान वाटत असे. कामगार मास्तरकीकडे निघाला तेव्हा मात्र आम्ही दार अडविले.

एक उदाहरण परदेशचे देतो. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडात शिक्षकांचा भयंकर तुटवडा होता. तेथील सरकारने सैन्यातून आणि युद्धकाळच्या कामांवरून सुटलेल्या स्त्रीपुरुषांसाठी एक वर्षाचा तातडीचा अभ्यासक्रम काढला. शिकण्याच्या काळात त्यांस निर्वाहाची रक्कम दिली. १९५१ पर्यंत सुमारे ३५ हजार शिक्षक या वाटेने तयार झाले. घाईने तयार झालेले हे शिक्षक टिकतील काय, अशी शंका पुष्कळांनी घेतली होती. तथापि त्यांपैकी बहुतेक साध्या शाळांत शिकवीत राहिले. या योजनेत परवाना रद्द केलेला नव्हता. परवान्यापर्यंतचा रस्ता सरकारने बांधून दिला होता.

आता त्या वजनकाट्याच्या कारकुनाकडे परत येतो. आमचा सल्ला मोडून तो वस्तीशाळेवर गेला. पहिल्या दोन वर्षांत छप्पर नव्हते, एका घराच्या ओट्यावर मुले बसत. आम्ही त्याच्याकडे फिरकलोही नाही, ही आमची चूक कबूल करतो. तिसऱ्या वर्षी एका हंगामाच्या अखेरीस काही तोडणी कामगार कचेरीत आले, हातात वजनाच्या पावत्या घेऊन. टनामागे कापलेली घट दोन ठिकाणी दोन तऱ्हेची होती, हिशेब जुळत नव्हता. हे कोणी दाखविले, असे विचारता एक बाई म्हणाली, “पोरीने वाचलं. मास्तरनं शिकवलंय.” त्या पोरीचे वय नऊ वर्षांचे होते. आमच्या गृहस्थाने वजाबाकी शिकविण्यासाठी पुस्तकाबरोबर काट्याच्या जुन्या पावत्या वापरल्या होत्या. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, मधला फरक म्हणजे ऊस. हे उदाहरण बाहेरून आलेल्या मास्तरास सुचले नसते, यात त्या मास्तराचा दोष नाही, त्याने काटा पाहिलेलाच नसतो.

त्याची दुसरी गोष्ट अशी, की कोणते कुटुंब कोणत्या मुकादमाबरोबर कधी निघणार हे त्यास आधी ठाऊक असे. दिवाळीपूर्वीच तो घरोघर जाऊन म्हाताऱ्यांस विनवी की, पोर तुमच्यापाशी ठेवा. तो स्वतः असाच मागे राहून शिकला होता. काही मुले राहिली, काही गेली. सगळी राहिली, असे सांगून आम्ही तुमची दिशाभूल करणार नाही.

मग परवान्याचे काय? शासनाने पुढे वस्तीशाळेच्या शिक्षकांस मुक्त विद्यापीठाच्या मार्गाने पत्रद्वारा डी. एड. करण्याची सोय दिली. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे हे विद्यापीठ १९८९ साली नाशकात निघाले, ते अशाच कामकऱ्यांसाठी. दिवसा शाळा, सुट्टीत संपर्कवर्ग, रात्री अभ्यास असे करीत आमचा गृहस्थ डी. एड. झाला. तरीही सेवेत कायम होण्यास त्यांस फार वाट पाहावी लागली. राज्यभरच्या वस्तीशाळा शिक्षकांनी मोर्चे काढले, उपोषणे केली. अखेर २०१४ साली त्यांस नियमित शिक्षक म्हणून सामावून घेण्यात आले. त्या लढ्यात मात्र आमची संघटना त्यांच्या पाठीशी उभी होती. हजार रुपयांवर राबवून घेण्याचे जे भय आम्ही २००१ साली बोलून दाखविले होते, ते खोटे ठरले नाही. आमचा रोग ओळखण्यात दोष नव्हता, औषध चुकले. त्याला ‘जाऊ नकोस’ म्हणण्याऐवजी ‘जा, आणि पगारासाठी आपण मिळून लढू’ असे म्हणावयास हवे होते.

दरम्यान परवान्याचा कायदाच बदलला. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आवश्यक ठरविली. महाराष्ट्रात ती प्रथम २०१३ च्या डिसेंबरात झाली. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. खुल्या वर्गास शेकडा ६० गुण हवेत, राखीव वर्गांस सवलत आहे. उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक वर्षी शेकडा दहाच्या आत राहिले आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण केली पाहिजे, नाहीतर सेवा सोडावी लागेल. ज्यांची सेवा त्याहून कमी उरली आहे ते निवृत्तीपर्यंत राहतील, पण परीक्षेवाचून त्यांस बढती नाही.

निकालानंतर चार दिवसांनी आमचा गृहस्थ कचेरीत आला. वय एक्कावन. खुर्चीवर बसून म्हणाला, “भाऊ, चोवीस वर्षं शिकवलं. आता मला शिकवता येतं की नाही, ते विचारणार आहेत.” आम्ही वयाने त्याच्याहून पाचसहा वर्षांनीच मोठे. पन्नाशीनंतर परीक्षेस बसणे म्हणजे काय, याची कल्पना आम्हांस आहे. रात्री डोळे दुखतात, पाठ केलेले टिकत नाही आणि घरी लग्नाला आलेली मुलगी आहे.

येथे सोपे भाषण करण्याचा मोह होतो. परीक्षा जुलमी आहे, ती बंद करा, असे म्हटले की टाळ्या मिळतात. आम्ही ते म्हणणार नाही. ज्या पोरीने पावती वाचली तिच्या पाठीमागून येणाऱ्या पोरांस ज्यास गणित येते असाच मास्तर मिळाला पाहिजे. पाड्यावरच्या मुलास कोणीही चालतो, असे ज्या दिवशी आपण मान्य करू, त्या दिवशी जोतीरावांचे सारे निवेदन वाया गेले. शिवाय परवाना हा शिक्षकाच्या पगाराचा पाया आहे. तो ढिला झाला की हजार रुपयांची मास्तरकी परत येते. परंतु परवाना म्हणजे केवळ एका सकाळची परीक्षा, असे मानण्याचे धोकेही आपण पाहिले आहेत. २०१९-२० च्या टीईटीतील गैरव्यवहार २०२१ च्या अखेरीस उघडकीस आला आणि सात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. जे पैसे मोजून मिळू शकते, ते पैसे नसलेल्यास नाकारलेले असते. २०१२ पासून काही वर्षे भरतीच थांबली, तेव्हा स्वखर्चाने डी. एड. झालेली आमच्या भागातली कितीतरी मुले परत सुरतेच्या गाडीत चढली, तीही आम्ही पाहिली.

तेव्हा इतिहासातून आम्ही काढलेला निष्कर्ष साधा आहे. दुसऱ्या कामावरून मास्तरकीकडे येऊ इच्छिणारी माणसे आपल्याकडे नेहमीच होती. हिंगण्याची विधवा असो, साताऱ्याचा कुणब्याचा पोर असो की काट्यावरचा कारकून असो, जेथे परवान्यापर्यंतचा रस्ता बांधलेला होता तेथे ती पोचली. रस्त्यास तीन गोष्टी लागतात: शिकण्याच्या काळात पोटाची सोय, कामकऱ्यास जमेल अशी वेळ आणि शिकविणाऱ्यांच्या तसेच शिकणाऱ्यांच्या भाषेचा मान. परीक्षेत या माणसाने आजवर वर्गात केलेल्या कामाचीही कोठेतरी मोजदाद व्हावी, ही चौथी मागणी जोतीरावांच्या त्या अपवादातूनच निघते. कारकुनास मावची येते, या गोष्टीस कोणत्याही प्रश्नपत्रिकेत एकही गुण नाही. पहिलीच्या वर्गात मात्र तिच्यावाचून पान हलत नाही.

या मागण्या आम्ही मांडत राहू. पण मागण्या मान्य होईपर्यंत परीक्षा थांबणार नाही. म्हणून गेल्या दिवाळीपासून युनियनच्या कचेरीत दर रविवारी सकाळी वर्ग भरतो. आमच्या गृहस्थासह नऊ शिक्षक येतात, पाड्यांवरचे, आश्रमशाळांचे. दोघी नव्या उमेदवार आहेत, दोघींचे आईबाप कोयत्यावर जाणारे. जुन्यांस परीक्षेचे तंत्र येत नाही, नव्यांस वर्गाचा अनुभव नाही, ते एकमेकांस सांगतात. आमचा गृहस्थ एकदा परीक्षेस बसला आणि थोड्या गुणांनी राहिला. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, तो शाळेत गेला. पुढच्या रविवारी वर्गातही आला.

सभागृहात निवृत्त हेडमास्तर बसले आहेत, कॉलेजात शिकविणाऱ्या बाई आहेत, बँकेत गणिताचे काम करणारे तरुण आहेत. आमच्या वर्गास बालमानसशास्त्र आणि इंग्रजी शिकविणारे कोणी नाही. आम्ही स्वतः वाचून सांगतो, पण आमचे इंग्रजी निवाड्यांतून आलेले, ते मुलांच्या कामाचे नाही. कचेरी स्टेशनच्या रस्त्यावर आहे. सकाळी आठ वाजता दार उघडे असते. दोन तास काढून कोणी आले, तर हे व्याख्यान ऐकल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.